तळाचं कासव

शोजी-सान वारले तेव्हा गावात जो तो म्हणाला, माणूस हट्टी होता पण सरळ होता. मेलेल्या माणसाबद्दल असंच बोलायचं असतं. ते जिवंत होते तोवर लोक नुसतं हट्टी म्हणत, आणि मला विचाराल तर तेच जास्त खरं होतं.

शोजी किसाबुरो नगरपालिकेचं बर्फ सारायचं यंत्र चालवायचे. आमच्या मोगामी नदीच्या खोऱ्यात हिवाळ्यात बर्फ खिडकीच्या वर चढतं, आणि लोक उठायच्या आत रस्ते मोकळे करावे लागतात. यंत्राने ढकललेलं बर्फ कोणाच्या ना कोणाच्या दारात पडतंच, म्हणून यंत्र चालवणारा गावभर शिव्या खातो. शोजी-सानही खायचे. ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी नवा माणूस आला आणि पहिल्याच बर्फात त्याने माझ्या सलूनच्या दारात कमरेएवढा ढीग घातला. तेव्हा कुठे मला कळलं, की इतकी वर्षं माझ्या दाराशी आल्यावर कोणीतरी यंत्राचं पातं वळवून घेत होतं. मी नवऱ्यामागे एकटी राहणारी बाई, फावडं मारायला घरात दुसरं कोणी नाही. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "तुमच्या दारात चढ आहे फुमी-सान, पातं आपोआप वळायचं." माझ्या दारात कसलाही चढ नाही.

असा माणूस. चांगलं करायचं तेही चोरून, आणि पकडलं तर नाक वर करून नाही म्हणायचं.

माझं सलून आणि कान्नोंची खानावळ समोरासमोर आहेत, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल एवढा रस्ता. खानावळ एइझो कान्नोंच्या वडिलांनी काढली, पुढे एइझोंनी चालवली. त्यांना आम्ही सगळे मालक म्हणतो. तिथे नूडल्स मिळतात, बाकी काही नाही. कोंबडीच्या हाडांचा आणि सुक्या मासळीचा रस्सा, त्यात सोयाचा काळा अर्क, वर कांद्याची पात आणि डुकराच्या मांसाचे दोन काप. दाराला निळा पडदा लागला की दुकान उघडं. गावात कोणाकडे पाहुणा आला की घरात रांधत बसायचं नाही, कान्नोंकडून वाडगे मागवायचे, ही आमची जुनी रीत. माझ्या लग्नाची बोलणी त्या वाडग्यांवर झाली आणि नवरा गेला तेव्हा लांबून आलेले नातेवाईकही त्याच वाडग्यांवर जेवले.

त्या प्रत्येक वाडग्याच्या तळाला निळ्या रंगात एक छोटं कासव काढलेलं आहे. रस्सा पूर्ण प्यायल्याशिवाय ते दिसत नाही. गावातली सगळी पोरं 'कासव दिसू दे, मग उठ' हे ऐकतच मोठी झाली. मालक गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे कधी बघत नाहीत, चव कशी झाली असं विचारत नाहीत. भांडी मात्र स्वतः घासतात आणि घासण्याआधी प्रत्येक वाडग्यात डोकावतात. कासव दिसलं तर जेवण उतरलं, नाही दिसलं तर कुठेतरी चुकलं. "तोंड खोटं बोलतं, वाडगा बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

शोजी-सानची बायको साचिए गेली तेव्हापासून ते दुपारचं जेवण कान्नोंकडे घेऊ लागले. स्वयंपाक येत नव्हता असं नाही, पण एकट्या जिवासाठी चूल कोण पेटवतो? सुरुवातीला ते आठवड्यातून दोनदा-तीनदा यायचे. रोजचं झालं ते एन्दोंचं तोफूचं दुकान बंद पडल्यावर. साचिए रोज सकाळी एन्दोंकडून तोफू आणायची. ती गेल्यावर शोजी-सान सोयीचं म्हणून हमरस्त्यावरच्या मोठ्या बाजारातून आणू लागले, गावातले बाकीचेही तेच करत होते. मग एक दिवस एन्दोंच्या दारावर बंद झाल्याची चिठ्ठी लागली. शोजी-सान त्यांना भेटायला गेले आणि म्हणाले, एवढी अडचण होती तर सांगायचं होतं. एन्दो म्हणाले, "सांगायचं काय त्यात? तुम्ही यायचे थांबलात, त्यात सगळं आलं."

हे शोजी-सानने माझ्या खुर्चीत, गळ्याभोवती कापड असताना, आरशाकडे बघत सांगितलं. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पण त्या दिवसापासून मालकांनी निळा पडदा लावला रे लावला, की वळणावर शोजी-सानची टोपी दिसायची. आत शिरल्यावर कोपऱ्यातली ठरलेली जागा. मालकांची बायको गेल्यावर तर ते आपला वाडगा स्वतः उचलून नेऊ लागले आणि जाताना टेबलावर फडकं मारू लागले. गप्पा फारशा नाहीत. ऊन, बर्फ, नदीचं पाणी, संपलं. एवढ्या वर्षांत दोघं एकदाही अहो-जाहोवरून खाली उतरले नाहीत.

मग हमरस्त्यावर ते लाल छपराचं हॉटेल आलं. देशभर शेकडो गावांत तेच छप्पर, तेच ताट, तीच चव. मी तिथे जाते, उगाच साधूपणाचा आव आणत नाही. खुर्च्या मऊ आहेत, कॉफी हवी तेवढी मिळते आणि माझ्या गुडघ्यांना ते बरं पडतं. आधी पोरं तिकडे गेली, मग पोरांचे आईबाप, मग पाहुण्यांनाही तिकडेच न्यायला लागले. वाडगे मागवायची रीत कधी मोडली ते कोणाला कळलंही नाही. तोंडाने मात्र सगळे म्हणायचे, की कान्नोंची चव जगात कुठे नाही. असं म्हणत म्हणत गाडी हमरस्त्याला लागायची.

एकदा सलूनमध्ये लाकडांचा वखारीवाला त्या हॉटेलचं कौतुक करत होता. शोजी-सान पाळीची वाट बघत वर्तमानपत्रामागे बसले होते. मागूनच त्यांनी विचारलं, "तिथे सकाळी पडदा कोण लावतं?"

वखारीवाला म्हणाला, "पडदा कसला, काचेचं दार आहे. समोर गेलं की आपोआप उघडतं."

"मग उद्या मी गेलो नाही, तर दाराला कळणार कसं?"

सगळे हसले. शोजी-सान हसले नाहीत.

इकडे मालक थकत चालले होते. रस्स्याचं पातेलं उचलताना मनगटं सुजायची, पहाटे उठवत नव्हतं. सेन्दाईला राहणारा मुलगा बोलावत होता. नातीला बघून दोन वर्षं झाली, असं ते केस कापताना म्हणायचे. एका शरद ऋतूत त्यांनी मला सांगितलं, की येत्या वसंतात पडदा उतरवावा असं मनात आहे.

"मग उतरवा की," मी म्हटलं.

"उतरवीन. पण शोजी-सान जेवतील कुठे?"

मी म्हटलं, लाल छपराखाली जेवतील, सगळं गाव जेवतंय. मालक मान हलवून म्हणाले, की ते उपाशी राहतील पण तिथे जायचे नाहीत. मला राहवलं नाही. पुढच्या वेळी शोजी-सान आले तेव्हा मी सरळ सांगितलं, मालक दमलेत, त्यांना मोकळं करा. ते म्हणाले, "दमलेत म्हणूनच जायला हवं. मीही गेलो नाही तर तो माणूस सकाळी उठेल कशासाठी?"

पालथ्या घड्यावर पाणी. एकाने दुसऱ्याला जेवायला मिळावं म्हणून दुकान उघडायचं आणि दुसऱ्याने पहिल्याला दुकान उघडता यावं म्हणून जेवायचं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. आमच्या गावात ती त्याहूनही जवळची कोणीतरी लागत असावी.

आता पुढचं सांगते, त्यातलं काही मला तेव्हा ठाऊक नव्हतं. शोजी-सानची मुलगी नात्सुको यामागाता शहरात असते. तिने नंतर सांगितलं म्हणून कळलं.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर शोजी-सानला जिना चढताना धाप लागायला लागली. नात्सुकोने शहरात नेऊन दाखवलं. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय, मीठ जवळजवळ बंद करा. शोजी-सानने एवढंच विचारलं, की नूडल्स चालतील का. डॉक्टर म्हणाले, नूडल्स खा हवं तर, पण रस्सा वाडग्यातच ठेवा. एक थेंब पिऊ नका.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी शोजी-सान नेहमीसारखे कान्नोंकडे आले. मीही तिथेच जेवत होते. त्यांनी नूडल्स खाल्ले, मांसाचे काप खाल्ले, वाडगा उचलून नेऊन ठेवला, टोपी घातली आणि गेले. मालकांनी वाडगा घ्यायला हात पुढे केला तो तसाच राहिला. रस्सा जवळजवळ सगळा शिल्लक होता. ते बराच वेळ त्या वाडग्यात बघत उभे होते. दुपारी लहानशा पेल्यात रस्सा घेऊन, वरून हाताने झाकत, ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले आणि म्हणाले, चाखून बघा, काय कमी पडलंय? मी चाखला. नेहमीसारखाच होता आणि मी तसं सांगितलंही. त्यांचा विश्वास बसला नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांनी जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. गिऱ्हाइकाला विचारलं. "शोजी-सान, काल रस्सा फिका झाला होता का?"

शोजी-सान कानापर्यंत लाल झाले. "छे हो. काल वाटेत कोणीतरी तांदळाची मोची दिली, ती खाल्ली. पोट भरलं होतं, दुसरं काही नाही." आणि दोन्ही हातांनी वाडगा उचलून त्यांनी रस्सा असा प्यायला, की वाडगा खाली ठेवला तेव्हा कासव स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा मी मनात म्हटलं, चला, मिटलं. आज कळतं, काहीच मिटलं नव्हतं. एक शब्द बोलायचा होता. मालक, मला मीठ बंद आहे. एवढाच. पण त्या माणसासमोर, ज्याच्याकडे आता दिवसाला मोजकी माणसं यायची आणि जो एका उरलेल्या वाडग्यासाठी रात्रभर झोपला नव्हता, तो शब्द शोजी-सानच्या तोंडून निघाला नाही. त्यांच्या लेखी रस्सा ठेवणं आणि यायचं थांबणं यांत फारसा फरक नव्हता. एन्दोंच्या वेळी ते एकदा चुकले होते.

आणि मालकांची समजूत पटली नव्हती ती नव्हतीच. ते मला म्हणाले, "वय झालं की जिभेला कमी लागतं. त्यांना फिकं लागतंय, पण भिडस्त माणूस, बोलणार नाही." आमच्याकडे वाडग्यात आधी सोयाचा अर्क पळीने घालतात आणि मग वरून रस्सा ओततात; मीठ सगळं त्या अर्कातच. त्या दिवसापासून मालक शोजी-सानच्या वाडग्यात एकाऐवजी दोन पळ्या घालू लागले. कोणाला सांगू नका, म्हणाले. बाकीच्यांना एक, त्यांना दोन. आमच्या थंडीच्या मुलखात हात सैल सोडून चव देणं म्हणजे माया. मी कौतुकाने हसले होते.

शोजी-सानला ते कळत असणारच. एकदा मी शेजारच्या टेबलावर होते. पहिला घोट घेऊन ते थांबले, वाडग्यातल्या काळपट रस्स्याकडे बघत राहिले. मग चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मालकांकडे बघितलं. आणि पुन्हा वाडगा तोंडाला लावला. मला वाटलं, चव घेतायत.

नात्सुको दर पंधरा दिवसांनी यायची. एकदाच, तिच्या वाढदिवसाला, तिने बापाला लाल छपराच्या हॉटेलात नेलं. तिथे प्रत्येक पदार्थात मीठ किती ते लिहिलेलं असतं आणि कमी हवं असेल तर टेबलावरच्या स्क्रीनवर बोट टेकवलं की झालं. शोजी-सानने मुकाट्याने बोट टेकवलं आणि बेतशीर, अळणी जेवण जेवले. ती खूश झाली. म्हणाली, बाबा, रोज इथेच जेवत जा. ते म्हणाले, "जेवण चांगलं होतं. पण मी जेवलो हे इथे कोणाला कळलंच नाही."

दोन हिवाळे असे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा चेहरा भरल्यासारखा दिसू लागला. मी गमतीने म्हटलं, मालकांचं खाणं अंगी लागतंय हो. ते हसले आणि म्हणाले, लागणारच. पण खुर्चीतून उतरताना त्यांच्या बुटांचे बंद मोकळे होते. पाय बुटात मावत नव्हते. बांधू का म्हणून मी वाकले तर एकदम ओरडले, राहू द्या. मग लगेच ओशाळून म्हणाले, समोरच तर जायचंय. आणि रस्ता ओलांडून पडद्याआड गेले.

नव्या वर्षाचे दिवस सरले आणि त्यांना इस्पितळात ठेवलं. मी भेटायला गेले तेव्हा उशीला टेकून बसले होते, नाकाला नळी. बोलायला दम पुरत नव्हता तरी म्हणाले, "मालकांना सांगा, इथलं जेवण बेचव आहे. त्यांच्या हाताची सर नाही." एवढा लांबलचक निरोप त्यांनी आयुष्यात कोणाला दिला नसेल. मी तो पोचवला. दुसऱ्या दिवशी निळा पडदा लागला नाही. ते थर्मासमध्ये रस्सा भरून बसने इस्पितळात गेले होते. दारातच परिचारिकेने अडवलं, बाहेरचं खाणं चालत नाही म्हणाली. तिने कारण सांगितलं नाही, यांनी विचारलं नाही. शोजी-सान झोपले होते, त्यांना लांबूनच बघून ते थर्मास जसाच्या तसा घेऊन परत आले. "दोन पळ्या घातल्या होत्या," मला म्हणाले. "गरम होता."

शोजी-सान फेब्रुवारीत गेले. त्या दिवशी इतकं बर्फ होतं की शववाहिकेपुढे यंत्र चालवावं लागलं. नात्सुकोने आलेल्या सगळ्या पाहुण्यांसाठी कान्नोंकडून वाडगे मागवले, जुन्या रीतीप्रमाणे. मालकांनी सुजलेल्या मनगटांनी एकट्याने सगळं केलं. मी वाडगे पोचवायला मदत केली. शहरातल्या पाहुण्यांपैकी एकाच्याही वाडग्यात कासव दिसलं नाही, पण त्या दिवशी मालकांनी वाडग्यांत बघितलं नाही. नळाखाली भराभर धुऊन टाकले.

त्यानंतर पडदा उतरवायला काही हरकत उरली नव्हती. मालकांनी सेन्दाईला कळवलं, एप्रिल संपला की येतो. मला वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. पण ते रोज पडदा लावायचे आणि वळणाकडे बघत दारात उभे राहायचे. मी समोरून बघायचे आणि माझं कामात लक्ष लागायचं नाही.

छपरांवरचं बर्फ वितळून पागोळ्या गळत होत्या तेव्हाची गोष्ट. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटपून नात्सुको गावात आली होती, ज्यांनी दुखवट्याला पैसे दिले त्यांना परतीची भेट द्यायला. दुपार टळली होती. खानावळीत मी एकटीच होते. ती आत आली, काळे कपडे, हातात चहाचा डबा कापडात बांधलेला. मालक चुलीमागून बाहेर आले, हात पुसले. तिने डबा दोन्ही हातांनी पुढे केला आणि इतकी खाली वाकली की बराच वेळ वर आलीच नाही.

"तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बाबांना मीठ बंद केलं होतं. रस्सा तर विषच म्हणाले होते. मी रोज फोनवर भांडायचे, तिथे जाऊ नका म्हणायचे. तर बाबा म्हणायचे, तू काळजी करू नकोस, मी मालकांना सगळं सांगितलंय, ते माझ्यासाठी वेगळं काढतात, बिनमिठाचं. मालक इतकं करतात तर मी न जाऊन कसं चालेल, म्हणायचे." तिचे डोळे वाहत होते. "एका म्हाताऱ्या माणसासाठी रोज वेगळं रांधायचं. लाल छपराच्या हॉटेलात हे कोणी केलं असतं? तुमच्यामुळे ते एवढे तरी राहिले."

मी मालकांकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली.

मालक वाकले. नात्सुको वाकली होती त्याहूनही खाली. वाकलेलेच म्हणाले, "त्यात काय एवढं. एक पळी कमी घालायची, एवढंच तर."

ती आणखी एकदा वाकली, मलाही नमस्कार केला आणि पडदा बाजूला सारून गेली. तिच्या गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मालक तसेच उभे होते. मग ओट्याला दोन्ही हात टेकले.

"दोन घालत होतो मी," ते म्हणाले. "फुमी-सान, दोन."

मी म्हटलं, त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं, वय झालेलं होतं, पळीने माणूस मरत नाही. डॉक्टरांनीही तसं म्हटलेलं नाही. मी आणखीही बरंच काही बोलले. ते ऐकत होते की नाही, मला सांगता येणार नाही. शोजी-सानच्या कोपऱ्याकडे बघून ते एवढंच म्हणाले, "वाडगा खोटं बोलत नाही, असं जन्मभर म्हणत आलो. हा माणूस मला रोज वाडगाभर खोटं सांगून जात होता."

मग त्यांनी फळीवरून एक वाडगा काढला. सोयाच्या अर्काच्या भांड्याला हात लावला नाही. नुसता रस्सा ओतला, नूडल्स घातले, कांद्याची पात जरा जास्तच भुरभुरवली, मांसाचे काप धुऊन वर ठेवले. उभ्याउभ्याच चमचाभर चाखला, तोंडात घोळवला. पुन्हा चाखला. मग वाडगा माझ्यासमोर आणून ठेवला आणि बाजूला उभे राहिले. फडक्यात हात गुंडाळलेले.

"बघा बरं," ते म्हणाले. "वाईट नाही ना लागत? बोलायचं होतं त्यांनी. मी हे करून दिलं असतं. रोज करून दिलं असतं."

मी घोट घेतला. कोमट पाण्यात हाडं बुडवल्यासारखी चव होती, नूडल्सना पिठाचा वास येत होता, घशाखाली उतरत नव्हतं. मालक माझ्या तोंडाकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी कधी कोणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं.

"छान लागतंय," मी म्हटलं, आणि दोन्ही हातांनी वाडगा उचलून कासव दिसेपर्यंत प्यायले.